ठरवले होते, त्याचे काय झाले? महासाथीनंतरच्या अग्रक्रमांविषयी वाचकांचे प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर केले, पण आपल्याकडचे व्यवहार त्याच्या बरेच आधी रुळावर आले होते. २०२० मध्ये संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला न्याव्या लागल्या होत्या. २०२२ च्या आषाढीला पालख्या पुन्हा पायी निघाल्या. सार्वजनिक जीवन असे पूर्ववत झाले, तरी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या रूपांत अजून येतो: त्या दिवसांत आयुष्याविषयी काही ठरवले होते, ते आता कसे निभवायचे? त्यांपैकी पाच पत्रे येथे थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. उत्तरांतील कायदेविषयक माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष निर्णयापूर्वी स्वतःची कागदपत्रे जाणकाराला दाखवावीत.

प्रश्न : मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. वय ४३. एप्रिल २०२१ मध्ये मला ऑक्सिजनवर ठेवावे लागले होते. त्या खाटेवर मी ठरवले की, बरा झालो तर काम कमी करीन, कराडजवळच्या गावी आईसोबत अधिक राहीन, मुलांना वेळ देईन आणि प्रकृती सांभाळीन. पुढे वर्षभर आम्ही गावाकडून काम केले. तो काळ मला आयुष्यातील सर्वांत भरलेला वाटतो. आता आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात जावे लागते, घरी यायला रात्रीचे साडेनऊ होतात. बढतीचा प्रस्ताव आला आहे, पण त्यात अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रीच्या बैठका असतील. गृहकर्जाची बरीच वर्षे शिल्लक आहेत, मोठा मुलगा नववीत आहे. आई ७१ वर्षांची असून एकटी राहते. पत्नी मुलांचे पाहते. मी स्वतःला दिलेला शब्द मोडला, असे सतत वाटते. नोकरी सोडून गावी जावे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपण शब्द मोडला, असे मला वाटत नाही. तो शब्द ज्या परिस्थितीत दिला होता ती परिस्थिती बदलली आहे, आणि बदललेल्या परिस्थितीत तो पाळण्यासाठी काय सोडावे लागेल, हे आपण अजून ठरवलेले नाही. २०२० आणि २०२१ मध्ये आपल्यापैकी पुष्कळांना आपले अग्रक्रम अगदी स्वच्छ दिसत होते. त्याचे एक कारण मृत्यू जवळून पाहिला हे होते, आणि ते खरेच आहे. दुसरे कारण मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही. कार्यालये, शाळा, लग्नसमारंभ, प्रवास असे बहुतेक पर्याय शासनाच्या आदेशानेच बंद झाले होते, त्यामुळे आईसोबत राहण्यासाठी आपल्याला कशालाही नकार द्यावा लागला नाही. पगार चालू होता, मुलांची शाळा मोबाइलवर होती, बढती मागे पडण्याची भीती नव्हती कारण सारेच घरी होते. आता प्रत्येक निवडीची किंमत मोजावी लागते. ती मोजायला आपण तयार आहोत की नाही, हे कळण्याची वेळ तेव्हा आलीच नव्हती. ती आता आली आहे.

आपल्या पत्रातील एका गोष्टीकडे आधी लक्ष वेधतो. आईविषयी, मुलांविषयी आणि स्वतःच्या प्रकृतीविषयी आपण सविस्तर लिहिले आहे. पत्नीचा उल्लेख एकाच वाक्यात येतो. गावातले जे वर्ष आपल्याला भरलेले वाटते, त्या वर्षी पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, मुलांचे ऑनलाइन वर्ग, सासूबाईंची औषधे आणि आपल्या बैठकांच्या वेळी घर शांत ठेवण्याची जबाबदारी कोणावर होती? आपल्या घरी ती समान वाटली गेली असेल तर उत्तमच. पण अनेक घरांतून मला आलेल्या पत्रांत पुरुषांना तो काळ निवांत वाटतो आणि स्त्रियांना तो सर्वांत दमवणारा वाटतो. म्हणून गावी परतण्याचा विचार करण्यापूर्वी पत्नीला एवढेच विचारा की, त्या वर्षातले तिला काय पुन्हा हवे आहे आणि काय कधीही नको आहे. उत्तर लगेच मिळेल असे नाही. तिला दोन-चार दिवस द्या, आणि उत्तर आल्यावर आपली बाजू मांडू नका.

हेच आईच्या बाबतीत. आईला आपण तिथे हवे आहात, असे आपण गृहीत धरले आहे. तिने तसे म्हटल्याचे पत्रात कुठे नाही. गावात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना मुलाने नोकरी सोडून यावे असे क्वचितच वाटते. त्यांच्या अडचणी बहुधा ठरावीक आणि नेमक्या असतात. रात्री काही झाले तर कोणाला हाक मारायची, डोळ्यांच्या तपासणीला कराडला कोणासोबत जायचे, बँकेतून आलेला संदेश खरा की फसवणुकीचा हे कोणाला विचारायचे, अशा त्या अडचणी असतात. त्यांतील प्रत्येकीला उत्तर आहे आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी राजीनामा लागत नाही. शेजारच्या एखाद्या विश्वासू व्यक्तीला रीतसर मोबदला देऊन रोज सकाळ-संध्याकाळ डोकावायला सांगणे, हे काही मुलाने कर्तव्य टाळणे नव्हे. आईने ज्या गावात पन्नास वर्षे काढली त्याच गावात तिला निर्धास्त राहता यावे, यासाठी ती केलेली तरतूद आहे.

आता नोकरीविषयी. राजीनामा देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. गृहकर्ज आणि मुलाची दहावी समोर असताना उत्पन्न थांबले, तर ज्या शांततेसाठी आपण गावी जाणार तीच पहिल्या सहा महिन्यांत जाईल. मात्र ही बढती आपण तूर्त नाकारावी, असेही मला तितकेच स्पष्टपणे वाटते. ऑक्सिजनच्या खाटेवर केलेल्या निश्चयाची कसोटी इथेच आहे. रात्रीच्या बैठका सुरू झाल्या की घरी साडेनऊला पोचलेला माणूस साडेबाराला मोकळा होईल, आणि मुलांना वेळ देणे व प्रकृती सांभाळणे ही दोन्ही कलमे कागदावरच राहतील. बढती नाकारल्याने पगारवाढ लांबेल आणि कदाचित सहकारी पुढे जातील. ही किंमत खरी आहे. ती कमी लेखून नकार दिलात तर वर्षभराने पश्चात्ताप होईल. म्हणून पत्नीसोबत बसून आकडे मांडा आणि ती किंमत दोघांना मान्य असेल तरच नकार कळवा.

त्याच वेळी वरिष्ठांकडे एक लेखी विनंती करा. कार्यालयाचे तीन दिवस सलग, म्हणजे मंगळवार ते गुरुवार, घेऊ द्यावेत आणि महिन्यातून एकदा शुक्रवार ते सोमवार कराडहून काम करण्याची परवानगी असावी. पुण्याहून कराड सुमारे १६० किलोमीटर आहे. गुरुवारी रात्री निघालात तर शुक्रवारी सकाळी आईच्या हातचा चहा घेऊन कामाला बसता येईल. तोंडी मिळालेली सवलत वरिष्ठ बदलले की संपते, म्हणून ती ई-मेलवर घ्यावी. व्यायामाचे आणि आहाराचे आपण जाणताच. त्याविषयी वेगळे लिहीत नाही.

प्रश्न : एप्रिल २०२१ मध्ये माझ्या मोठ्या मुलीचे लग्न पंचवीस माणसांत लावावे लागले. पैसे वाचले, दगदग झाली नाही, आणि आम्ही सर्वांनी ठरवले की धाकटीचेही असेच करायचे. आता तिचे लग्न ठरले आहे तर भाऊबंद म्हणतात, मागच्या वेळी बोलावले नाही, या वेळी तरी सर्वांना जेवू घाला. काय करावे? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : त्या वेळी राज्यात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा होती, व ती मोडल्यास ५० हजार रुपये दंड होता. म्हणजे तो साधेपणा आपण निवडलेला नव्हता, तो लादलेला होता आणि नंतर आपल्याला आवडला. आवडला हे महत्त्वाचे आहे, आणि कर्ज काढून मांडव घालण्याची प्रथा सुटावी असे मलाही मनापासून वाटते. परंतु नातेवाइकांच्या म्हणण्यात केवळ जेवणावळीची हौस असते असे मी मानणार नाही. त्या दोन वर्षांत आपल्या समाजात माणसांना ना आनंदाला जाता आले, ना मयतीला. आपल्या घरच्या लग्नाला ज्यांना येता आले नाही, त्यांच्यापैकी काही जण आज हयातही नसतील. भेटण्याची जी ओढ त्यांच्या बोलण्यात आहे, तिला मान द्यावा.

तेव्हा खर्च आणि माणसे या दोन गोष्टी वेगळ्या करा. हॉल, बँड, मानपान, आहेर, कपडे यांवरचा खर्च मागच्या वेळेइतकाच ठेवता येईल आणि गावातल्या देवळाच्या सभामंडपात साध्या वरण-भात-शिऱ्याच्या पंगतीला दोनशे माणसे येऊ शकतील. पण हे सर्व धाकट्या मुलीला आणि तिच्या होणाऱ्या पतीला विचारल्यावर. आपल्या पत्रात ‘आम्ही सर्वांनी ठरवले’ असे आहे. २०२१ मध्ये ती लहान होती आणि तिचे मत कोणी घेतले असेल का, याची मला शंका आहे.

प्रश्न : मे २०२१ मध्ये माझे पती कोरोनाने गेले. मी ३४ वर्षांची, बारावी शिकलेली, मुलगी सहावीत व मुलगा तिसरीत. सासू-सासऱ्यांसोबत राहते, शिवणकाम करते. मला पदवी घ्यायची आहे, पुढे जमल्यास कायदा शिकायचा आहे. घरात म्हणतात की आता तुझे आयुष्य म्हणजे मुले, स्वतःचे चोचले पुरवू नकोस. पतीच्या खात्यातील पैसे सासऱ्यांचे नाव लावलेले असल्याने त्यांना मिळाले. ते म्हणतात, मुलगा मोठा झाल्यावर त्याला देऊ. चार गुंठे जागेवर माझे नाव अजून लागलेले नाही. मला शिकावेसे वाटते हा स्वार्थ आहे का? रडायलासुद्धा त्या वेळी सवड मिळाली नाही. — एक भगिनी, कागल तालुका

उत्तर : ताई, हा स्वार्थ नाही. आपल्या दोन्ही मुलांचे पुढचे वीस वर्षांचे आयुष्य ज्या एका व्यक्तीच्या कमाईवर, प्रकृतीवर आणि धैर्यावर उभे राहणार आहे ती आपण आहात. सासू-सासऱ्यांचा आधार आज आहे, त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे. पण त्यांचे वय वाढणार आणि त्या आधाराची दिशा उलटी होणार. त्या वेळी घरात एक शिकलेली, कमावती बाई असणे हे मुलांच्या आणि वृद्धांच्याही हिताचे आहे. घरात समजावताना हे असेच सांगा, कारण ते खरे आहे.

मात्र शिक्षणाच्याही आधी एक काम आहे, आणि त्याला मी पहिला क्रम देईन. आपल्या पतीच्या पश्चात त्यांच्या मालमत्तेत आपला हक्क काय, हे कागदावर आणणे. पतीने मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेत पत्नी, मुलगा, मुलगी आणि पतीची आई या चौघांचा सारखा वाटा असतो. मुलगी यात मुलाइतकीच वारस आहे, त्यामुळे सर्व रक्कम मुलाला देऊ हे म्हणणे कायद्याला धरून नाही. बँकेच्या ठेवीवर सासऱ्यांचे नाव नामनिर्देशित म्हणून होते, याचा अर्थ ते त्या पैशांचे मालक झाले असा होत नाही. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते. बँक ठेवींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे पूर्वीच स्पष्ट केले आहे आणि डिसेंबर २०२३ च्या निकालात शेअरबाबतही तेच म्हटले आहे. विमा आणि भविष्यनिर्वाह निधीचे नियम वेगळे आहेत, ते स्वतंत्रपणे विचारावेत. जागा वडिलोपार्जित असेल तर हिस्सा वेगळ्या रीतीने निघतो, पण आपला आणि मुलांचा हक्क तिथेही संपत नाही. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे मृत्यू दाखला आणि वारसांच्या तपशिलासह अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

हे सासऱ्यांशी भांडण्यासाठी सांगत नाही. ज्यांनी तरुण मुलगा गमावला त्या माणसाच्या मनात सून पैसे घेऊन निघून जाईल ही भीती असते, आणि ती भीती कठोर शब्दांतून बाहेर पडते. आपण सुचवू शकता की मुलांच्या वाट्याची रक्कम त्या दोघांच्या नावे मुदत ठेवीत राहील, सासूबाईंचा वाटा त्यांच्या नावे राहील आणि आपला वाटा आपल्या खात्यात येईल. बोलणे जमले नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि दावा न करता समेट घडवण्याचे कामही ते करतात.

दोन आर्थिक गोष्टी तपासा. कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ५० हजार रुपये सानुग्रह मदत देण्यात आली. ती आपल्या कुटुंबात कोणाच्या खात्यात आली ते पाहा. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलांसाठी १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावा लागतो. ही रक्कम दोन्ही मुलांसाठी मिळू लागली, तर शिवणकामाचे दोन तास अभ्यासाला मोकळे होतील.

अभ्यासासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा आपल्याला सोयीचा मार्ग आहे. नोकरी वा घरकाम सांभाळून पदवी घेणाऱ्यांसाठीच त्याची रचना आहे. पदवीनंतर तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा देता येते. एकूण सहा-सात वर्षांचा हा प्रवास आहे. तो संपेल तेव्हा मुलगी महाविद्यालयात असेल आणि आपण चाळिशीच्या उंबरठ्यावर. त्या वयात वकिली सुरू करणाऱ्या स्त्रिया आज तालुका न्यायालयांत दिसतात.

आपल्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. ऐन साथीत तरुण वयात विधवा झालेल्या बायकांचे हाल गावांनी डोळ्यांनी पाहिले होते, ही त्यामागची पार्श्वभूमी होती. आपल्या गावात असा ठराव झाला आहे का, ते विचारा. नसेल तर ग्रामसभेत तो मांडायला आपल्याइतके योग्य कोण असेल?

रडायला सवड मिळाली नाही, हे आपले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्या दिवसांत कित्येकांना शेवटचे दर्शनही घेता आले नाही. घरातली बाकीची माणसे आजारी होती आणि बाराव्या-तेराव्याला कोणी येऊ शकत नव्हते. ज्या शोकाला रीतसर वाट मिळाली नाही तो वर्षांनंतरही अंगावर राहतो. झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, त्यांच्या वस्तूंकडे पाहवत नसेल किंवा त्या सोडवत नसतील, तर याला मनाचा दुबळेपणा समजू नका. दीर्घकाळ रेंगाळणारा शोक हा उपचार करण्याजोगा त्रास आहे, हे वैद्यकशास्त्राने आता स्वतंत्र निदान म्हणून मान्य केले आहे. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून मोफत बोलता येते. आणि आपल्यासारख्याच दोन-तीन जणी तालुक्यात नक्की असतील. त्यांच्याशी ओळख करून घ्या. त्यांना काहीही समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न : मी २८ वर्षांचा आहे. २०२१ मध्ये माझे दोन मित्र गेले. तेव्हापासून ठरवले की उद्याचा भरवसा नाही, तेव्हा आजच जगायचे. दरवर्षी दोन मोठे प्रवास करतो, त्यासाठी क्रेडिट कार्ड व हप्ते वापरतो. बचत जवळपास नाही. आई-वडील चिडतात. माझे काय चुकते? — एक वाचक, ठाणे

उत्तर : मित्रांच्या जाण्याने जे कळले ते कवटाळून ठेवण्यात काही चुकत नाही, आणि प्रवास करण्यातही नाही. पण ‘उद्याचा भरवसा नाही’ हे आपले निरीक्षण अर्धेच आहे. त्या साथीत बहुसंख्य लोकांच्या वाट्याला उद्या आलाच, आणि पुष्कळांकडे तो पगार कापलेला, दुकान बंद पडलेले आणि रुग्णालयाचे बिल थकलेले असा आला. आपल्यासमोर दोन्ही उदाहरणे असतील: जे गेले, आणि जे राहिले पण कर्जात बुडाले. आपण फक्त पहिल्यांचा विचार करून आयुष्य आखत आहात.

एक आठवण करून देतो. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. हप्ते थांबले, व्याज मात्र चालूच राहिले, आणि ज्यांनी सवलत घेतली त्यांच्या कर्जाची मुदत वाढली. म्हणजे इतक्या मोठ्या संकटातही कर्जाचे ओझे उतरले नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी तर त्याहून फार महाग असते. वर्षाला ३५-४० टक्क्यांपर्यंत व्याज लागते.

यंदा एक प्रवास रद्द करा आणि ती रक्कम कार्डाच्या थकबाकीत भरा. त्यानंतर सहा महिन्यांचा घरखर्च एका वेगळ्या खात्यात साठेपर्यंत दुसरा प्रवास कर्जाने करू नका. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीसोबत जातो, तेव्हा स्वतःचा वेगळा घ्या. आपल्या वयात तो स्वस्त पडतो. आई-वडिलांच्या विम्याची चौकशीही आपणच करा. ते चिडतात त्यामागे, आजारपण आले तर हा मुलगा आपल्या पाठीशी उभा राहू शकेल का, ही न बोललेली काळजी असण्याची शक्यता मला दाट वाटते. आणि ज्या मित्रांसाठी आपण असे जगू लागलात, त्यांच्या घरी शेवटचे कधी गेला होतात? त्यांच्या आईवडिलांना भेटायला फारसा खर्च येत नाही.

प्रश्न : आम्ही दोघे सत्तरीतले, निवृत्त शिक्षक. २०२१ मध्ये यजमान व्हेंटिलेटरवर होते. सुदैवाने बरे झाले. तेव्हापासून वाटते की सर्व कागद नीट करावेत आणि पुन्हा तशी वेळ आल्यास काय करावे व काय करू नये हे लिहून ठेवावे. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशी. विषय काढला की दोघेही म्हणतात, असे अभद्र बोलू नका. — एक भगिनी, नाशिक

उत्तर : आपले म्हणणे अगदी योग्य आहे आणि ते पुढे ढकलू नका. मुलांच्या संमतीची यासाठी आवश्यकता नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे केल्यास पुढचे वाद कमी होतात. आपण दोघांनी दोन स्वतंत्र मृत्युपत्रे करावीत. वय लक्षात घेता, सही करतेवेळी मनःस्थिती उत्तम असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. बँक खात्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. जुन्या ठेवींवर आजही एखाद्या दिवंगत भावाचे नाव असेल तर ते बदलून घ्या.

उपचारांविषयीची इच्छा हा वेगळा कागद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने असे वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले, पण त्याची पद्धत फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते; न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावे लागत नाही. बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत कोणते उपचार नकोत आणि आपण बोलू शकत नसल्यास निर्णय कोणी घ्यावा, हे त्यात लिहायचे असते. निर्णय घेणारी व्यक्ती एकाहून अधिक असू शकते. प्रत्यक्षात तशी वेळ आली तरी केवळ कागदावरून काही थांबवले जात नाही. रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांनी पाहून मत द्यावे लागते. यजमानांना व्हेंटिलेटरमुळेच जीवदान मिळाले, हे लक्षात घेऊन वाक्यरचना काळजीपूर्वक करा. सरसकट ‘व्हेंटिलेटर नको’ असे लिहिले, तर बऱ्या होणाऱ्या आजारातही गोंधळ होईल. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना मसुदा दाखवा आणि एक प्रत त्यांच्याकडे, एक महानगरपालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या.

मुलांशी बोलताना सुरुवात या कागदांपासून करू नका. बाबा व्हेंटिलेटरवर होते त्या रात्री डॉक्टरांचा फोन आला तेव्हा त्याच्यावर काय बेतले, कोणता प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर देताना किती भीती वाटली, हे मुलाला सांगू द्या. मुलीला दूरदेशी बसून काय वाटत होते तेही विचारा. इतकी वर्षे हे त्यांनी बहुधा कोणालाच सांगितले नसेल. ते सांगून झाले की पुन्हा तसा फोन आला तर तुम्हाला एकट्याने ठरवावे लागू नये म्हणून आम्ही हे लिहिले आहे, असे म्हणून प्रत त्यांच्या हाती द्या.